जुन्या नाटक मंडळ्यांचे फोटो, हँडबिलं आणि तबकड्या : बेळगाव भागातल्या नव्या संग्राहकासाठी

संगीत नाटकाचं वेड लागलेल्या माणसाला आज ना उद्या एक प्रश्न छळतोच : ही माणसं प्रत्यक्षात दिसायची कशी? पदं ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून ऐकायला मिळतात, आठवणी छापलेल्या सापडतात. पण अख्खी मंडळी ओळीने बसलीय, मधे मालक, पायाशी पोरसवदा नट, कडेला साथीदार, असा पुठ्ठ्यावर डकवलेला मूळ फोटो हातात आला की एका प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि दहा नवे उभे राहतात. तिथून जमवायचा नाद लागतो. हा लेख तो नाद नुकता लागलेल्यांसाठी, त्यातही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आहे.

या नादाला आपल्यासारखी जागा नाही, हे आधी सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले आणि १८८५ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या जन्माच्याच वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटकाचा पहिला खेळ केला. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ ही मंडळी १९०८ साली काढली ती हुबळीला. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा करत जाणारी रेल्वे झाल्यावर मंडळ्यांचे मुक्काम याच वाटेवर पडत गेले. एवढ्या मुक्कामांचं काहीतरी मागे राहणारच, आणि ते राहिलंय. फक्त ते संग्रहालयात नाही, लोकांच्या माळ्यावर आहे. जुने वाडे पाडून अपार्टमेंट उठतायत, आणि माळा रिकामा करायला पहिल्यांदा रद्दीवाल्याला हाक मारली जाते. म्हणून सुरुवात लवकर करा.

एकच मंडळी धरा

नवा माणूस हमखास बालगंधर्वांपासून सुरुवात करतो. माझा सल्ला उलटा आहे : बालगंधर्व शेवटी. त्यांचे फोटो भरपूर निघाले, भरपूर पुन्हा छापले गेले, त्यांच्या नावाला भाव आहे आणि म्हणून नकलाही तिथेच जास्त. शिवाय त्यांच्याबद्दल अभ्यासकांनी बरंच काम केलेलं आहे. तुमच्या हाती नवं काही लागण्याची शक्यता आहे ती लहान मंडळ्यांत, ज्यांनी आठ-दहा वर्षं गावोगाव खेळ केले आणि मोडल्या. मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग अशी संस्थानं आसपास होती, त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या मंडळ्या आणि कलावंतही शोधण्यासारखे आहेत.

एक मंडळी, नाहीतर एक गाव, नाहीतर एक दशक, अशी चौकट आखून घ्या. ‘निपाणीत १९२० ते १९३५ या काळात झालेले खेळ’ हा विषय ऐकायला छोटा वाटतो, पण त्यात एका माणसाची उमेद खर्ची पडेल एवढं काम आहे. कुमार गंधर्व सुळेभावीचे, जन्म १९२४. लहानपणीच त्यांचे कार्यक्रम गाजायला लागले, तेव्हा त्या बालगायकाच्या जलशांचे कागद एवढाच विषयही धरता येईल.

चौकट ठरली की त्या मंडळीची ठळक सालं एका वहीत पहिल्या पानावर लिहा. नमुन्यादाखल : किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर आले १८८२ च्या सुमारास, वारले १९०१ मध्ये. बालगंधर्व त्याच मंडळीत १९०५ ला आले. १९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. मास्टर दीनानाथांची बलवंत मंडळी १९१८ ची. केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले. हे पान पाठ झालं पाहिजे, कारण पुढे प्रत्येक वस्तू याच सालांवर घासून बघायची आहे.

काय काय सापडतं

फोटो सगळ्यांना हवेत, पण कागद जास्त बोलतात. हँडबिलं, म्हणजे खेळाच्या जाहिराती, पातळ रंगीत कागदावर छापलेली, एका रात्रीसाठीच जन्मलेली. त्यामुळे ती राहतात कमी. बऱ्याचदा दुसऱ्याच एखाद्या वहीला पुठ्ठा म्हणून लावलेली किंवा डब्याच्या तळाला अंथरलेली मिळतात. त्याहून सहज मिळतात पदांची पुस्तकं. खेळाच्या वेळी थिएटरात विकली जायची, बारीक आकाराची. घरातल्या कुणीतरी समासात ‘ही चाल फार गोड’ वगैरे पेन्सिलीने लिहिलेलं असतं. ते खोडून टाकू नका, त्या प्रतीची किंमत त्यातच आहे.

मग तिकिटं, मानपत्रं, नटांची पत्रं, मंडळीच्या हिशेबाच्या वह्या. या वह्या माझ्या मते सगळ्यात मौल्यवान आणि सगळ्यात दुर्लक्षित. कोणत्या गावी किती खेळ झाले, उत्पन्न किती आलं, बिदागी कुणाला किती, कपडेपटाला खर्च किती, बैलगाडीचं भाडं किती, सगळं त्यात असतं. अडचण एवढीच की कीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, बहुधा मोडी लिपीत असते. ‘वाचता येत नाही’ म्हणून लोक ती पहिली फेकतात. मोडी शिका. रोज अर्धा तास बसलात तर काही महिन्यांत आकडे आणि नावं वाचता येतात, आणि संग्राहकाला तेवढं पुरतं. आपल्या भागात कन्नड अक्षरओळखही हवीच. हँडबिलाची एक बाजू कन्नडमध्ये असू शकते आणि मंडळीने इथल्या कानडी छापखान्यात काम करून घेतलेलं असू शकतं. गाण्याला भाषेचं कुंपण नव्हतं, मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी कन्नड नाटक कंपनीत होते. मराठी पदांचं पुस्तक गोकाकच्या कानडी घरात मिळालं तर दचकू नका.

शोधायचं कुठे आणि विचारायचं कसं

पहिलं घर स्वतःचं. दुसरं मामाचं, तिसरं आत्याचं. देवघराच्या वरच्या भिंतीवरचे, सोप्यातल्या उंच खुंटीवरचे फोटो आपण लहानपणापासून बघतो आणि कधीच नीट बघत नाही. स्टुलावर चढा, खालचा मजकूर वाचा, स्टुडिओचं नाव टिपा.

नंतर ज्यांच्याकडे मंडळ्या उतरायच्या ती घरं. मंडळीचं बिऱ्हाड मोठं असायचं, त्यामुळे धर्मशाळा, वाडे, व्यापाऱ्यांच्या वखारी अशा ठिकाणी मुक्काम पडायचा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘नाटकवाले उतरायचे कुठे’ एवढं विचारलं की दिशा मिळते. बंद पडलेल्या किंवा बंद होऊ घातलेल्या जुन्या फोटो स्टुडिओंची चौकशी करा, तिथे काचेच्या निगेटिव्ह पडून असतात. जुन्या छापखान्यांत नमुन्याच्या फायली असतात. आणि आपल्या गल्लीतल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. ‘छापील नाटकाचं काही आलं तर बाजूला ठेव, रद्दीच्या भावापेक्षा जास्त देतो’ असं एकदा नव्हे, दर महिन्याला सांगावं लागतं. दिवाळीच्या आधीच्या साफसफाईचे दिवस त्याच्याकडे जायला उत्तम.

बाहेर जायचं तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईचा चोरबाजार आहे, कोल्हापूर-सांगली-मिरज तर आपल्या हाकेवर. इंटरनेटवर विकणाऱ्यांकडे शोधताना रोमन लिपीत गावाचं जुनं, ‘बेलगाम’ असं वाचलं जाणारं स्पेलिंगच टाका. ‘बेळगावी’ हे आजचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं, शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोच्या पुठ्ठ्यावर ते असणार नाही.

कुणाच्या घरी गेल्यावर कसं बोलायचं, यावर सगळं अवलंबून आहे. खाली एक नमुना देतो, आपल्याकडे संवाद साधारण असाच होतो.

‘आज्जी, नाटकाचं काय जुनं कागदबिगद हाय काय वो घरात?’

‘हाय की. माळ्यावर टरंक हाय. पण त्यात काय नाही रे बाळ, सगळी रद्दी.’

‘रद्दीच बघायला आलोय आज्जी. बघून परत तिथंच ठेवतो.’

‘परत ठेवतो’ हे शब्द विसरू नका आणि ते पाळा. माझा नियम असा : मूळ वस्तू घरच्यांकडे, प्रत माझ्याकडे. तिथेच बसून फोटो घ्यायचा किंवा दोन दिवसांसाठी न्यायची असेल तर वस्तूंची यादी लिहून सही करून द्यायची, सांगितलेल्या दिवशी परत आणायची, आणि सोबत त्यांच्या आजोबांचा मोठा करून छापलेला स्वच्छ फोटो भेट म्हणून न्यायचा. असं केलं की ती आज्जीच शेजारच्या घरी तुम्हाला घेऊन जाते. काही घरं नंतर स्वतःहून मूळ वस्तू देतात, तेव्हा घ्या. पहिल्या भेटीत विकत मागितलं तर दार बंद होतं, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक. सीमाप्रश्नावर आपल्याकडे घरटी मत आहे आणि चहा होईपर्यंत ते बाहेर येतंच. तुम्ही फोटोसाठी गेलात, फोटोवरच राहा.

गप्पा सुरू झाल्या की फोनवर ध्वनिमुद्रण करा, परवानगी विचारून. फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगू शकणारं माणूस आज ऐंशीच्या पुढचं आहे. वस्तू दहा वर्षांनी मिळेल, ते नाव मिळणार नाही. ज्या फोटोत कोण, कुठे, केव्हा हे माहीत नाही, तो कितीही सुंदर असला तरी माझ्या हिशेबी अर्धाच मिळालेला फोटो.

साल ओळखणं

या कामाचा खरा आनंद इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हँडबिलावर बहुधा वार आणि तारीख असते, साल नसतं. साहजिकच आहे, परवाच्या खेळाला साल कोण लिहील? पण वार आणि तारीख मिळून साल पकडता येतं. समजा, गंधर्व नाटक मंडळीच्या हँडबिलावर ‘शनिवार, ता. १४ मे’ आहे. शंभर वर्षांचं कॅलेंडर काढलं तर १९०१ ते १९३५ मध्ये १४ मे ला शनिवार येतो १९०४, १९१०, १९२१, १९२७, १९३२ या सालांत. मंडळीच १९१३ ची, म्हणजे पहिली दोन सालं बाद. उरली तीन. आता तिकिटाच्या दराखाली ‘कर वेगळा’ किंवा तसा मजकूर आहे का बघा. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ चा, आणि आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. कराचा उल्लेख असेल तर १९२१ पण गेलं. राहिलेल्या दोनांतून निवडायला नटांची नावं बघा : कोण मंडळीत कधी आला, कधी सोडून गेला. थिएटरचं नाव बघा. छापखान्याचं नाव तळाला बारीक अक्षरात असतं, तेही बघा.

तिथी आणि शक दिला असेल तर काम सोपं. गुढीपाडव्यानंतरच्या तारखेसाठी शकात ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. शके १८३२ चा श्रावण म्हणजे १९१०, पण शके १८३२ चा माघ म्हणजे १९११.

पक्कं करायचं असेल तर त्या आठवड्याचं वर्तमानपत्र गाठा. ‘केसरी’ १८८१ पासून आहे, बेळगावचा ‘तरुण भारत’ १९१९ पासून. मंडळीच्या मुक्कामाची जाहिरात किंवा चार ओळींची बातमी सापडली की ते हँडबिल खात्रीचं झालं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, अशा जुन्या वाचनालयांत ग्रंथपालांशी नम्रपणे बोलून जुने अंक बघायला मागा. रोज जाऊन एक-एक महिना चाळायचा. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातच दुसऱ्या तीन मंडळ्यांच्या जाहिराती सापडतात.

फोटोंचं साल कागदावरून आणि पुठ्ठ्यावरून. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर आहेत. हा कागद इतका पातळ की पुठ्ठ्यावर डकवावाच लागायचा. रंग तपकिरी, पांढरा भाग पिवळसर झालेला, भिंगाखाली बारीक भेगांचं जाळं. पुठ्ठा साधारण अडीच बाय चार इंच असेल तर ‘व्हिजिटिंग कार्ड’ आकार, सव्वाचार बाय साडेसहा असेल तर ‘कॅबिनेट’. नंतरचे जिलेटिनच्या कागदावरचे फोटो करडे-काळे असतात, आणि तिरपे धरले तर गडद भागावर चांदीसारखी झाक दिसते. ती झाक हा म्हातारपणाचा चांगला पुरावा आहे, पुसून काढायला जाऊ नका. पोस्टकार्डावर छापलेला फोटो असेल आणि तिकीट चिकटलेलं असेल तर राजाचा चेहरा बघा : एडवर्ड सातवा असेल तर १९१० च्या आसपासचं किंवा आधीचं, पंचम जॉर्ज १९११ ते १९३६, त्यापुढे सहावा जॉर्ज. शिक्का वाचता आला तर सोन्याहून पिवळं.

चौकटीतला फोटो असेल तर मागची फळी हळूच काढा. चौकट करणारे आत रद्दी वर्तमानपत्र घालायचे. त्यावरची तारीख सांगते की चौकट त्याआधीची नाही. फोटो मात्र त्याहून जुना असू शकतो.

दोन सापळे. ‘प्रवेशाचा’, म्हणजे नाटकातल्या प्रसंगाचा, फोटो म्हणून जे मिळतात ते बहुतेक स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे पोज देऊन काढलेले असतात, कारण त्या काळच्या थिएटरातल्या उजेडात हलती माणसं टिपणं कठीण होतं. तेव्हा फोटोतल्या पडद्यावरून नाटकाचं नेपथ्य ठरवू नका. आणि नऊवारीतली देखणी बाई दिसली की ‘अनोळखी स्त्री’ असं लिहून मोकळे होऊ नका. बायकांच्या स्वतंत्र मंडळ्या होत्या हे खरं, पण एरवी मंडळीच्या फोटोतली नायिका म्हणजे बहुधा पुरुष नटच. आधी त्या काळात त्या मंडळीत स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करणारे नट, कोण होते ते शोधा.

नक्कल कशी ओळखायची

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवा, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं. मूळ फोटो भिंगाखाली सलग दिसतो. मासिकातून कापलेला किंवा छापलेला असेल तर ठिपक्यांची जाळी दिसते. प्रिंटरवरची आजची प्रत असेल तर रंगीत फवारा दिसतो, ‘जुना’ वाटावा म्हणून दिलेला तपकिरी रंग त्यात लाल, निळ्या, पिवळ्या कणांचा बनलेला असतो. छापील चित्र जमवण्यात काही गैर नाही, फक्त ते मूळ फोटोच्या भावाने घेऊ नका.

फोटोचा फोटो ही वेगळी गोष्ट. जुन्या स्टुडिओंनी मूळ प्रतीवरून पुन्हा काढलेल्या प्रती शंभर वर्षांच्याही असतात. त्यात चेहरे जरा सपाट, बारकावे धुतल्यासारखे दिसतात आणि कधी मूळ पुठ्ठ्याची कडही फोटोत आलेली असते. अशी प्रत घ्यावी, वहीत तसं लिहून ठेवावं.

सहीच्या बाबतीत एकच सांगतो : सही घेऊ नका, जोपर्यंत ती ज्याला दिली त्या घरातूनच येत नाही.

तबकड्या

तबकड्यांचा वेगळा लेख होईल, इथे कामापुरतं. भारतात व्यापारी तत्त्वावर तबकड्या भरायला सुरुवात झाली १९०२ मध्ये, कलकत्त्यात. भाऊराव कोल्हटकर त्याच्या आधीच गेले होते. कुणी ‘भाऊरावांची रेकॉर्ड’ म्हणून काही दाखवलं तर चहा पिऊन उठा. सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूने भरलेल्या असत. १९२५ च्या आधी सगळं मुद्रण भोंग्यासमोर गाऊन होत असे, मायक्रोफोन नंतर आला. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाशेजारच्या मोकळ्या जागेत कोरलेला क्रमांक, दोन्ही वहीत उतरवा. नंतर कुठल्याही जाणकाराला विचारायचं तर तेच लागतात.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या आहेत. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसल्या तर लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, फार तर किंचित ओलसर कापड. नंतरच्या एलपी तबकड्यांच्या सुईने वाजवू नका, ७८ ला जाड टोकाची वेगळी सुई लागते. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजवायचीच असेल तर प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

एखाद्याला नाट्यगीतापेक्षा गिटार प्रिय असेल तर त्यानेही घरची ७८ ची पेटी उघडून बघावी. बीटल्स या इंग्लिश बँडच्या ७८ च्या तबकड्या आपल्याकडे कलकत्त्याच्या डमडममधल्या कारखान्यात निघाल्या, जगात इतरत्र हा प्रकार बहुतेक बंद झाला असताना. त्या आज जगभरचे संग्राहक शोधतात.

पावसाळ्यातून वाचवणं

आपल्या जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. अथणी, रायबागकडे कोरडं, तिथे कागद ठिसूळ होतो. खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर, तिथे बुरशी. बेळगाव शहर मधे, पण पावसाच्या बाबतीत खानापूरच्या बाजूला झुकलेलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून काहीही ठेवू नका. जमिनीवर नको, वाळवी येते. माळ्यावर नको, उन्हाळ्यात भट्टी होते. मधल्या खोलीतलं, आतल्या भिंतीचं कपाट बरं.

प्रत्येक फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात. तो मिळेना तर निदान वर्तमानपत्र आणि स्वस्त चकाकत्या प्लास्टिकचे अल्बम टाळा, त्या प्लास्टिकला फोटो चिकटतो. लॅमिनेशन कधीही नाही. सेलोटेप कधीही नाही. फाटलेलं आहे तसं पाकिटात ठेवा. सिलिका जेलच्या पिशव्या डब्यात टाका आणि निळ्याचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. डांबरगोळ्या फोटोंच्या शेजारी नकोत. श्रावणात एखादं कोरडं ऊन पडलं की कपाट उघडा, हवा लागू द्या, पण फोटो उन्हात टाकू नका.

चौकटीच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका. काचेसकट स्कॅन करा, काचेसकट जपा. जुन्या फिल्मच्या निगेटिव्हचा डबा उघडल्यावर आंबट उग्र वास आला, फिल्म चिकट झालेली दिसली तर त्या बाकीच्यांपासून वेगळ्या काढा, स्वयंपाकघर आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब. १९५० च्या आधीच्या नायट्रेट फिल्म झपाट्याने पेट घेतात.

स्कॅन, नोंद आणि पैसे

सहाशे डीपीआयवर, टिफ फाईल, पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही. व्हिजिटिंग कार्डाएवढा लहान फोटो असेल तर बाराशे. रंगीतच स्कॅन करा, फोटो काळा-पांढरा असला तरी. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, फोन अगदी समांतर धरून. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत म्हणजे स्कॅन नव्हे.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तो मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. वहीत त्या क्रमांकासमोर : काय आहे, माप, कुणाच्या घरून, कोणत्या गावी, कुणी काय सांगितलं. घरच्यांनी सांगितलेलं आणि तुम्ही ताडलेलं वेगवेगळं लिहा. घरोघरी आख्यायिका असतात, ‘आमच्या आजोबांनी बालगंधर्वांना शालू दिला’ असं चार गावांत ऐकाल. लिहून घ्या सगळं, पण कुणाचं म्हणून.

पैशांबद्दल थोडक्यात. भाव ठरलेला नसतो. विकणाऱ्याला किंमत माहीत नसेल आणि तुम्हाला असेल, तर योग्य ते द्या. हा भाग लहान आहे, एका घरी फसवलं की पुढच्या दहा घरी कळतं. मोठ्या रकमेचं काही असेल तर पावती घ्या. वारसांत वाद चालू असलेल्या घरातून काहीही विकत घेऊ नका, प्रत घेऊन या.

कायद्याचं दोन ओळींत : शंभर वर्षांपेक्षा जुन्या ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, १९७२ चा कायदा आहे. परदेशातला कुणी गिऱ्हाईक भेटला तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. छायाचित्रावरचा हक्क १९५७ च्या कायद्यात प्रसिद्धीनंतर आधी पन्नास, १९९२ पासून साठ वर्षांचा होता, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असा झाला. १९२० चा फोटो छापायला कायदा सहसा आडवा येत नाही. तरी ज्या घरातून मिळाला त्यांना विचारून आणि त्यांचं नाव देऊन छापा, नाव नको म्हणाले तर न देता.

नोंदवहीची एक झेरॉक्स घरातल्या दुसऱ्या माणसाकडे आणि स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावातल्या मित्राकडे ठेवा. तुमच्यानंतर हे सगळं कोणत्या वाचनालयाला द्यायचं, ते वहीच्या पहिल्या पानावर, मंडळीच्या सालांच्या खाली, आत्ताच लिहून टाका.